हंगामाच्या सणातला हातपंप

दुसऱ्यांचं भलं करण्याबद्दल मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत असे. हे सांगितलं की लोक हसतात. पहिला पगार हातात पडला तेव्हा मीही हसले होते. पिंपरीच्या आमच्या मंडळीनं मला सेवाकार्यासाठी नेमलं होतं. मंडळी म्हणजे आमच्या बोलण्यात चर्चला येणारी सगळी माणसं. दर रविवारी उपासनेत दानाची थैली फिरायची, तिच्यातला ठरलेला वाटा गोरगरिबांसाठी बाजूला पडायचा. त्यातून कुणाला काय द्यायचं हे कमिटी ठरवायची, आणि कुणाला काय हवं आहे हे मी शोधून आणायची. या दोन गोष्टींची गाठ क्वचितच पडे. नेहमी पडली असती तर माझी गरज लवकरच संपली असती. ती पडली नाही म्हणून नोकरी निवृत्तीपर्यंत टिकली.

काम बाहेरून फार सोपं दिसतं. दारात जायचं, विचारायचं, लिहून आणायचं. पण विचारायचं नसतं हीच तर यातली पहिली शिकवण. "काय हवंय?" असं विचारलं तर माणूस एक तर "देवाच्या कृपेनं सगळं आहे" म्हणतो, नाहीतर थेट शिलाई मशीन मागतो. मी दारात बसले की प्यायला पाणी मागायची. बाई पाणी कशात देते, तांब्या भरून देते की अर्धा, देण्याआधी हंड्यात वाकून बघते का, एवढ्यावर मला घर कळायचं. मग मी चुलीकडे बघायची. तोंडाकडे सगळ्यात शेवटी. तोंडं फसवी असतात. गरजू माणूस हसत असतो आणि ज्याला काही कमी नाही तो डोळे पुसत असतो.

आधी आमच्याकडे मदत परदेशातूनच यायची. तिकडच्या मंडळ्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे पाठवत. पाठवणाऱ्यांचं मन मोठं होतं, यात शंका नाही, पण पिंपरीची हवा त्यांना कुणी कळवली नव्हती. एकदा ऐन उन्हाळ्यात गठ्ठा सोडला तर आत नुसते बायकांचे लोकरी ओव्हरकोट. गुडघ्यापर्यंत लांब, गळ्याशी केसाळ पट्टी, आणि बटणं बशीएवढी. कुणाला द्यायचे? बायका तर हात लावेनात. शेवटी मी ते कारखान्यांच्या गेटवरच्या रखवालदारांना वाटले. त्या थंडीत चिंचवडपासून भोसरीपर्यंत कित्येक गेटांवर मिशाळ रखवालदार मडमांचे कोट घालून उभे होते. त्यातला एक तर मला शोधत घरी आला. "बाई, आणखी एक असंल तर बघा. आमच्या साहेबांनी इचारलंय."

हे गठ्ठे उसवताना मंडळीतली मोठी माणसं गप्प असायची. आमच्यातले बहुतेक सगळे नगर जिल्ह्यातल्या कोरड्या गावांतून कारखान्यात कामाला आलेले. लहानपणी मिशनच्या आवारात रांगेत उभं राहून दुधाची पावडर घेतलेले. आता ते फिटर झाले होते, टर्नर झाले होते, काही फोरमन. घरी रेडिओ आला होता. घेणाऱ्याच्या रांगेतून सुटून देणाऱ्याच्या जागी बसायची त्यांना मनापासून हौस होती आणि ती मला समजत होती. पण हौस जरा लांब पल्ल्याची होती. आमच्या सेवाकार्याची दोन खाती होती, एक स्थानिक आणि एक परदेश. स्थानिक खात्यासाठी मी हात पसरला की लोक विचारत, "मागच्या महिन्यातच दिले ना?" परदेश खात्यासाठी मात्र न मागता येत. स्थानिक गरीब हा फार जवळचा असतो. तो रस्त्यात भेटतो, पुन्हा मागतो, कधी कधी दारूही पितो. परदेशातला गरीब यातलं काही करत नाही.

आता हंगामाच्या सणाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गावाकडे पीक निघालं की आमच्यातले शेतकरी त्यातलं पहिलं देवळात, म्हणजे चर्चमध्येच, आणून अर्पण करतात. जोंधळा, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी. उपासना झाली की त्या सगळ्याचा तिथंच लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. पिंपरीत शेत कुणाचं? तरी सण सोडवत नव्हता. मग लोक शनिवारी मंडईतून फ्लॉवर विकत आणायचे, रविवारी देवापुढे ठेवायचे आणि तासाभरानं तोच फ्लॉवर चौपट किमतीला परत विकत घ्यायचे. घेणारा बऱ्याचदा ओरडायचा, "मंडळीला परत!" म्हणजे पैसे दिले, पण वस्तू पुन्हा अर्पण केली. की लिलाव पुन्हा सुरू. एक नारळ मी स्वतः सहा वेळा विकला गेलेला पाहिला आहे.

त्यात आमच्याकडे दोन तट. एका बाजूला इंजिनाच्या कारखान्यातले, दुसरीकडे पंख्यांच्या. यांना आम्ही इंजिनवाले आणि पंखेवाले म्हणायचो. दोघं एका बाकावर प्रेमानं बसत, एका पुस्तकातून गात, पण लिलाव सुरू झाला की भोपळ्यासाठी इरेला पेटत. लिलाव पुकारायचे दाविदराव पारधे. हे कमिटीचे सेक्रेटरी आणि इंजिनवाल्यांचे फोरमन. आवाज असा की मशीनच्या खडखडाटातही माणूस वळून बघे. माणूस मनानं चांगला. फक्त चांगुलपणा पुकारून करायची सवय.

भोसरीच्या पुढं, चऱ्होलीच्या अलीकडं, दगडाच्या खाणीवर एक वस्ती होती. मी भोसरीपर्यंत बसनं जायची आणि पुढं खडीचा रिकामा ट्रक मिळाला तर ट्रकनं. तिथं सोजरबाई भेटली. बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून आलेली, खडी फोडणारी, विधवा, वस्तीत जिचा शब्द चालायचा अशी. मी नेहमीप्रमाणे पाणी मागितलं. तिनं मला पूर्ण भरलेला तांब्या दिला आणि म्हणाली, "पिऊन घ्या. पन सांडू नगा."

ते पाणी खाणीच्या खड्ड्यातलं होतं. उन्हाळ्यात पाणी तळाला जायचं आणि बायका दगडात खोदलेल्या खाचांवरून उतरून हंडा भरून वर यायच्या. सोजरबाईची सून तिथं हंड्यासकट घसरली होती. पाय मोडला, वाकडाच जुळला. तेव्हापासून सासूच उतरायची, गुडघ्याला फडकं बांधून. गंमत अशी, की वस्तीच्या मधोमध एक बोअर होतं. दुष्काळात कुठल्याशा योजनेत पाडलेलं. पाणीही लागलं होतं. पंप मागाहून येणार होता, तो मागेच राहिला. पोरं त्यात खडे टाकून आवाज ऐकायची, म्हणून सोजरबाईनं चिंध्या गुंडाळलेली लाकडी खुंटी त्या तोंडात ठोकून बसवली होती.

"पानी हाय खाली," ती मला म्हणाली. "रोज हाय. मी रातच्याला कान लावते."

मी कमिटीपुढे हे मांडलं. एक सभासद म्हणाले, "किती घरं आपल्यातली?"

"एकही नाही. सगळे बौद्ध आहेत."

"मग त्यांचं कुणी बघत असेल ना?"

"बघत असतं तर मी कशाला सांगत बसले असते?" मी म्हटलं. मग जरा राग आला म्हणून आणखी बोलले. "तुमचे आजोबा आणि त्यांचे आजोबा गावच्या एकाच विहिरीवरून हाकलले गेले होते. तेव्हा कुणी आपल्यातले आणि त्यांच्यातले बघितलं नव्हतं."

 मग चहा आला. चहानंतर ठरलं की पाण्याचा प्रश्न सरकारचा आहे, आपण तूर्त तुरटी द्यावी.

त्याच बैठकीत पुढचा विषय परदेश खात्याचा होता. मिशनच्या मासिकात आफ्रिकेतल्या एका मंडळीबद्दल आलं होतं की ती हलाखीत आहे, मदतीची गरज आहे. काय मदत, ते लिहिलेलं नव्हतं. पण आमच्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून गरिबी म्हणजे काय असं विचारलं असतं, तरी त्यानं पाणी नसणं हेच सांगितलं असतं. नगरकडची माणसं. त्यांना दुसरी गरिबी ठाऊकच नव्हती.

"हातपंप देऊ," दाविदराव म्हणाले. "आणि विकतचा नाही. आपल्या हातानं केलेला. राव, आपलं पीक म्हणजे लोखंडच की! फ्लॉवर कसला अर्पण करता दरवर्षी?"

ही कल्पना खरोखर सुंदर होती. मलाही भरून आलं. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, भिडस्त; ते हळूच म्हणाले, "त्यांना एकदा विचारून घेऊ या का?"

"भुकेल्याला भूक आहे का म्हणून विचारतात का, साहेब?" दाविदराव म्हणाले. विषय संपला.

मंडळीतल्या एकाचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं. शिफ्ट सुटली की सगळे तिथं जमायचे. इंजिनवाल्यांनी पंपाचं धड आणि दट्ट्या केला, पंखेवाल्यांनी हँडल आणि नळाचं तोंड. ईर्षेनं काम असं झालं की काय सांगू. हँडल इतकं चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. निळा रंग, वर पांढरी रेघ. हंगामाच्या सणाला तो पंप वेदीपुढे भोपळ्यांच्या मधोमध ठेवला तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांनी डोळे पुसले. एरवी अर्पण केलेली प्रत्येक वस्तू लिलावात जाते, पण हा परदेशी जायचा म्हणून वगळला. मग तो मोठ्या लाकडी खोक्यात बंद झाला.

आणि तिथंच राहिला. परदेशी माल पाठवायला परवानग्या लागतात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एक परवानगी मिळाली की ती दुसरी मागायची. खोकं चर्चच्या व्हरांड्यात पडून राहिलं. हळूहळू ते आमचं फर्निचर झालं. म्हातारी माणसं त्यावर बसून उपासनेची वाट बघत, लग्नात त्यावर जेवणाची पातेली ठेवत, रविवारच्या शब्बाथ शाळेची पोरं त्यावर चढून गाणी म्हणत.

एक दिवस सोजरबाई तुरटी न्यायला चर्चमध्ये आली. पाय दुखत होते म्हणून टेकली ती नेमकी त्या खोक्यावर.

"ह्ये काय हाय बाई?"

"हातपंप आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"कुनाचा?"

"आफ्रिकेतल्या लोकांचा."

तिनं खोक्यावरून हात फिरवला. "मंग हितं काय करतोय?"

मी परवानग्यांचं सांगायला लागले. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, तुरटीची पुडी पदरात बांधली आणि बसला गेली. 

पुढच्या हिवाळ्यात एक आश्चर्य घडलं. त्याच आफ्रिकेतल्या मंडळीचे पाळक पुण्यात कुठल्याशा धर्मपरिषदेला आले होते. आमच्या पाळकसाहेबांना कळताच त्यांनी पाहुण्यांना आग्रहानं पिंपरीला आणलं. आमच्यात एकच धांदल. आपला गरीब प्रत्यक्ष येणार! महिला मंडळानं त्यांच्यासाठी कापडं आणून ठेवली. पाहुणे उतरले ते उंचेपुरे, भरदार, कडक इस्त्रीचा सूट, बुटात आरसा. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी कापडाची पिशवी हळूच माझ्याकडे सरकवली. "साळवेबाई, हे आत ठेवून द्या."

खोकं उघडलं. वर्षभर बंद राहूनही पंप लखलखत होता. दाविदरावांनी हँडल वर खाली करून दाखवलं. पाहुण्यांनी हात जोडले, त्यांचा चेहरा अगदी हलला. मग ते इंग्रजीत काही बोलले आणि पाळकसाहेब भाषांतर करता करता अडखळले.

"काय म्हणतायत?" दाविदराव म्हणाले.

"म्हणतायत की इतक्या लांबच्या भावांनी आठवण ठेवली, देवाची स्तुती असो."

"आणि पुढं?"

"पुढं... त्यांचं गाव फार मोठ्या तळ्याच्या काठी आहे म्हणतायत."

"बरं मग?"

"पावसाळ्यात पाणी देवळात शिरतं. बाकांपर्यंत येतं." पाळकसाहेबांनी घाम पुसला. "पाणी तेवढं त्यांच्याकडे भरपूर आहे."

 पाहुण्यांच्याच सगळं लक्षात आलं आणि ते मोठ्यानं हसले. दाविदरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, की आम्हाला होडी हवी होती. आजाऱ्यांना तळ्यापलीकडच्या दवाखान्यात न्यायला. आमची जुनी होडी फुटली आहे.

ते गेल्यावर कमिटी बसली. मला वाटलं आता तरी. पण पहिली सूचना आली ती अशी: "दुसरा एखादा कोरडा देश बघू या का?" आणि ती गंभीरपणे चर्चेला घेतली गेली. नकाशा आणायला माणूस उठला.

माझा तोल गेला. मी उभी राहून म्हटलं, "कोरडा देश भोसरीच्या पुढं आहे. बसनं जाता येतं. परवानगी लागत नाही. बोअर तयार आहे, त्यात एक म्हातारी कान लावून पाणी ऐकते. तुम्ही नकाशात बघत बसणार असाल तर उद्यापासून मी यायची नाही."

दाविदरावांनी नकाशा आणायला उठलेल्याला खाली बसवलं. मग म्हणाले, "बाई, द्यायला कुणाची ना नाही. पण अर्पण केलेली वस्तू लिलावाशिवाय देवळाबाहेर जात नाही. मागच्या सणाला आपण नियम मोडला, म्हणून तर ती अडकून पडली. लिलाव करू. पैसे होडीला. आणि त्या बाईंनी बोली लावावी. कुणी वर चढवणार नाही, माझी जबाबदारी."

मी हे सांगायला वस्तीवर गेले तेव्हा मला वाटलं होतं सोजरबाई नाराज होईल. झालं उलटं.

"फुकाट न्हाई ना देत?"

"नाही. लिलावात घ्यायचा."

"मंग बरं हाय. फुकाटचं बिघडलं तर कुनाच्या दारात जायाचं? इकत घेतलेलं आपलं असतं."

वस्तीनं पैसे जमवले. सोजरबाईनं आपल्या चांदीच्या पाटल्या मोडल्या. मी इकडं घरोघर फिरून सांगितलं की त्या बाईच्या वर कुणी बोली लावू नका. सगळ्यांनी हो म्हटलं, काहींनी तर शपथेवर.

हंगामाच्या सणाला सोजरबाई धुतलेलं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली. पैसे फडक्यात, फडकं मुठीत. फ्लॉवर गेले, अंडी गेली, मग पंप आला. दाविदराव म्हणाले, "बोला!"

"शंभर," सोजरबाई म्हणाली. आवाज स्पष्ट होता.

शांतता. सगळ्यांनी शब्द पाळला. मी देवाचे आभार मानायला लागले. पण लिलाव पुकारणाऱ्याला शांतता सोसत नाही. दाविदरावांच्या तोंडून सवयीनंच निघून गेलं, "शंभर? एवढ्या पंपाला? अहो, हँडलच तेवढ्याचं आहे!"

हँडल पंखेवाल्यांचं. त्यांच्यातला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "एकदाच चढवतो. मान राखायला." आणि ओरडला, "एकशे वीस!"

"एकशे तीस!" इंजिनवाल्यांकडून आलं. धड त्यांचं होतं ना!

"दीडशे," सोजरबाई म्हणाली. तिच्या फडक्यात तेवढेच होते, हे मला ठाऊक होतं.

"पावणेदोनशे!"

मी उठून दाविदरावांना थांबा म्हणून हात केला. ते मला बघून हसले. त्यांना वाटलं मीही बोली लावते आहे. अडीचशेला पंप इंजिनवाल्यांना गेला आणि घेणारा दोन्ही हात वर करून गर्जला, "मंडळीला परत!" टाळ्या. "हालेलुया!" लिलाव पुन्हा. मग पंखेवाल्यांनी तीनशेला घेतला. "मंडळीला परत!" कुणाच्या मनात वाईट नव्हतं. प्रत्येक जण होडीसाठी देत होता आणि डोळ्यांत पाणी आणून देत होता. पंप पाच वेळा विकला गेला आणि पाच वेळा जिथल्या तिथं उभा राहिला.

सोजरबाई तिसऱ्या वेळीच उठली होती. मी धावत दाराशी गेले. ती चपला घालत होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या देवळात आमाला इकतबी घेऊ देत न्हाईत व्हय?"

  लोकांना दारातून हाकलण्याच्या नाना तऱ्हा मी पाहिल्या होत्या, पण टाळ्या वाजवत, प्रेमानं, स्तोत्रं गात हाकललेलं मी पहिल्यांदा बघत होते. आणि तिला तिथं मीच बोलावलं होतं.

आत पाळकसाहेबांनी जाहीर केलं की होडीसाठी आजवर झाला नव्हता एवढा निधी झाला आहे, आणि आता हा पंप मंडळीतर्फे खाणीवरच्या भगिनींना विनामूल्य भेट! सगळे उभे राहिले. "कुठं आहेत त्या बाई? पुढं या!"

"गेल्या," मी दारातून म्हटलं.

दाविदराव खरोखर गोंधळले. "अहो पण का? आपण तर फुकटच देणार होतो!"

होडीचे पैसे पुढं आफ्रिकेला पोचले. पैसे समुद्रापार धाडणं पंपापेक्षा जड गेलं, पण पाळकसाहेबांनी ते मिशनमार्फत तडीला नेलं. होडीचा फोटोही आला. तो चर्चमध्ये लावला होता.

पंप आम्ही पुढच्या सुट्टीच्या दिवशी टेम्पोत घालून वस्तीवर नेला. त्याला हार घातलेला. मंडळीतली वीसेक माणसं, दोन्ही तटांतली. सोजरबाई झोपडीबाहेर आली नाही. वस्तीतल्या पुरुषांनी पंप उतरवून घेतला. दाविदरावांनी शर्ट काढून स्वतः बोअरमधली खुंटी उपटली, पाइप सोडले, जोड आवळले. दिवसभर राबले. त्या बाबतीत त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी हँडल मारलं तर आधी गढूळ, मग तांबूस आणि मग नितळ पाणी आलं. आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. दाविदराव अंग पुसून, शर्ट घालून, आता कुणी तरी दोन शब्द बोलेल अशा बेतानं उभे राहिले.

वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. एकही पुढं होईना.

मग सोजरबाई बाहेर आली. गुडघ्याला फडकं होतंच, दुसरं फडकं मुठीत. ते तिनं दाविदरावांपुढे धरलं.

"मोजून घ्या. दीडशे हायती."

"अहो बाई, हे कशाला?" दाविदराव म्हणाले. "ही भेट आहे. मंडळीनं प्रेमानं दिलेली."

"मी बोली लावली व्हती."

"हो, पण तो पुढं गेला ना. पाच वेळा विकला गेला."

"पाच येळा इकला आन पाच येळा परत घेतला," सोजरबाई म्हणाली. "मंग इकला कुनाला?"

दाविदरावांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी पंपाकडे पाहिलं. इंजिनवाले आणि पंखेवाले पहिल्यांदाच एकसारखे दिसत होते. मी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

"आता इका," सोजरबाई म्हणाली. "सगळ्यांम्होरं. रीतीनं."

 दाविदरावांनी पंपावरचा हार काढून टेम्पोत ठेवला, पंपाशेजारी येऊन सरळ उभे राहिले आणि घसा साफ केला. देवळात लावायचे तोच आवाज त्यांनी लावला. तो खाणीच्या पलीकडच्या कड्यावर आपटून परत आला.

"हातपंप एक! दीडशे एक वार!"

त्यांनी इंजिनवाल्यांकडे बघितलं. सगळे खाली बघत होते.

"दीडशे दोन वार!"

त्यांनी पंखेवाल्यांकडे बघितलं. कुणी खोकलंही नाही. शांतता बरीच लांबली, आणि दाविदरावांनी ती या वेळी सोसली.

"तीन वार," ते म्हणाले, आणि फडकं हातात घेतलं. मगच सोजरबाईनं हंडा पंपाखाली लावला.